सर्व्हरनं विचारलं, "काहून?"

सुरुवातीलाच भांडण मिटवून टाकते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, कधी ठेवला नाही आणि हे लिहून झाल्यावरही ठेवणार नाही. इथले, या पेजवरचे किस्से मी दुपारचा डबा खाताना मोबाइलवर वाचते, ते निव्वळ करमणूक म्हणून. पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई आली की सरळ पुढचा किस्सा उघडते. आमच्या घरात तर हा विषयच बाद! आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा घरातले अंगारे, दृष्ट, लिंबू-मिरची... सगळं एका दिवसात बाहेर गेलं, ते परत आत आलंच नाही. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. लहानपणी एकदा कॉलनीतल्या चिंचेखाली काहीतरी दिसलं म्हणून मी रडत घरी आले, तर बाबा टॉर्च घेऊन मला परत तिथंच घेऊन गेले. "दाखव कोठी आहे, आपण त्याले चहाले बोलवू." तिथं एक फाटकं पोतं लटकत होतं. त्यानंतर मी कधी घाबरले नाही.

म्हणून मंडळी, जे सांगते आहे ते माझ्याच घशाखाली उतरत नाही. तुमच्या उतरलं तर बघा. आणि हो, चिडले किंवा घाबरले की माझी भाषा नागपुरी होते, तेवढं सांभाळून घ्या.

मी संघमित्रा. सगळे मित्रा म्हणतात. नागपूरच्या धंतोलीत एका ट्रस्टचं रक्तकेंद्र आहे (नाव सांगत नाही, उगाच भानगड नको), तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. सांभाळते म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून ते डेटाबेसपर्यंत सगळं मीच. पगार एकीचा, कामं चौघींची!

पण आधी देवतळे सरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझी पहिली नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीतली. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. देवतळे सर तिथले प्रमुख. आता तुमच्या डोळ्यांपुढे कुणी शांत, विनम्र, ज्ञानी वगैरे गृहस्थ आला असेल तर त्याला पुसून टाका. सर म्हणजे स्वतःची आरती स्वतःच ओवाळणारा माणूस. डोळ्यांवर गॉगल, गालात तंबाखूचा खर्रा, आणि तोंडी एकच वाक्य – "नागपुरात डेटाबेस उठवणारे दोनच. एक मी. दुसरा अजून जन्माले याचा आहे!" पण माणूस खोटं बोलत नव्हता हो. मेलेले डेटाबेस त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उठवले. माउसला हात लावायचे नाहीत. समोर काळी स्क्रीन, तिच्यावर पांढरी अक्षरं, आणि कीबोर्डवर त्यांची फक्त दोन बोटं. एकेक कमांड अशी द्यायचे की आजूबाजूला उभी असलेली माणसं आपोआप गप्प व्हायची. चहाचा कप तसाच गार व्हायचा. आणि डेटाबेस सुरू झाला की सर खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, "टाळ्या कोण वाजवीन बे?" आम्ही खरंच वाजवायचो.

त्यांची सगळ्यात भारी गोष्ट मात्र वेगळीच होती. कारखान्याच्या सर्व्हरवर काही पुसणारी किंवा कायमची बदलणारी कमांड दिली की ती सरळ चालायचीच नाही. त्या सगळ्या कमांडींपुढे सरांनी स्वतःचा एक छोटासा प्रोग्राम आडवा घातला होता. तुम्ही एंटर मारला की स्क्रीनवर प्रश्न यायचा – काहून?

म्हणजे का. का करून राहिले तुम्ही हे? कारण टाइप करा, मगच पुढे.

जगातले बाकी सगळे प्रोग्राम "नक्की ना?" असं विचारतात आणि माणूस न वाचता "हो" दाबतो. सर म्हणायचे, "पक्का का, असं विचारलं तर गाढवही हो म्हणते. काहून विचारलं का मंग डोकं चालवा लागते." कारण काहीही लिहा, प्रोग्राम मुकाट्याने मान्य करायचा. फक्त एक शब्द चालायचा नाही – घाई. "घाई आहे" लिहिलं की तो परत विचारायचा. "घाई हे कारण नसते, मित्रा. घाई हा रोग आहे." आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सर आम्ही लिहिलेली कारणं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचे! एका इंजिनिअरनं एकदा "असंच" लिहिलं होतं. तो कारखाना सोडून जाईपर्यंत त्याचं नाव "असंच भाऊ"च राहिलं.

हसायचो आम्ही, वैतागायचो, मागून शिव्याही घालायचो. पण जे मला येतं ते सगळं त्या माणसानं शिकवलं. सर दोन वर्षांपूर्वी गेले, हार्ट अटॅकनं. सकाळी चहा पिता पिता. मी वडील गेल्यासारखी रडले होते, त्यात काही लपवण्यासारखं नाही.

आता त्या दिवसाचं.

मे महिना, नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू होते. नागपूरचा नवतपा ज्यांनी भोगला नाही त्यांना काय सांगायचं... रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं आणि कूलरमधूनसुद्धा गरम वाफ येते. भर दुपार होती. लख्ख ऊन. लक्षात घ्या, अमावस्या नाही, रात्र नाही, पाऊस नाही!

आमच्याकडे त्या दोन दिवसांपासून एकाच नावाचा जप चालला होता – रोशनी. जवळच्या खापा गावची मुलगी, सिकलसेलची पेशंट, पहिलं बाळंतपण, आठवा महिना. लहानपणापासून इतक्या वेळा रक्त चढवलेलं की आता तिचं शरीर बाहेरचं रक्त स्वीकारतच नव्हतं. गट जुळला तरी आतून भांडण. चुकीची पिशवी लावली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतणार. शेजारच्याच हॉस्पिटलमध्ये ती भरती होती, हिमोग्लोबिन घसरत होतं, बाळाचे ठोके मंद होत होते. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत सिझेरियन करावंच लागेल, पण जुळणारं रक्त हातात असल्याशिवाय मी चाकू लावणार नाही.

आमच्या सिनियर टेक्निशियन कुंदाताई. आवाज असा की बंद फ्रिजच्या आत ऐकू जावा. त्यांनी फ्रिजमधल्या त्या गटाच्या सगळ्या पिशव्यांचे नमुने काढून रोशनीच्या नमुन्याशी लावून बघायचा सपाटा लावला. मशीनवर दहा-बारा नमुन्यांची एकदम तपासणी होते आणि निकाल मशीन सरळ डेटाबेसमध्ये पाठवतं, स्वतःजवळ काही ठेवत नाही. ही नाही जुळत, ती नाही जुळत, लाल, लाल, लाल... आणि दुपारी एकदम कुंदाताई ओरडल्या, "जुळली वं माय! एक जुळली!" इतक्या खूश झाल्या की पिशवीवर चिठ्ठी लावायच्या आधी हॉस्पिटलला फोन करायला धावल्या. बाहेरच्या बाकावर रोशनीची सासू सुमनबाई बर्फाचा डबा मांडीवर घेऊन सकाळपासून बसून होत्या, त्यांना मिठी मारली.

आणि त्याच वेळी लाइट गेली.

गेली, आली, परत गेली, आणि आली ती अशी काही दणका देऊन की दोन ट्यूबलाइट फुटल्या. उन्हानं फुगलेल्या यूपीएसच्या बॅटरीनं मान टाकली होती. सर्व्हर बंद पडला, पुन्हा चालू झाला, पण डेटाबेस काही उठेना.

"कुंदाताई, कोणती पिशवी होती?"

"अवं, मी नंबर कोठी पाहिला! हिरवं दिसलं अन् मी पळाली. शेवटी सत्तेचाळीस होतं का चौऱ्याहत्तर... बाप्पा, काही आठवूनच नाही राहिलं वं!"

"मग पुन्हा लावा ना मशीन."

त्यांचा चेहरा पडला. ते तपासणीचं केमिकल शेवटच्या खेपेला संपलं होतं. मुंबईहून नवीन येणार, तेही दुसऱ्या दिवशी. म्हणजे फ्रिजमध्ये तीसेक एकसारख्या पिशव्या, त्यांतली एक रोशनीला वाचवणारी, बाकीच्या घातक... आणि कोणती ते सांगणारा निकाल त्या बंद पडलेल्या डेटाबेसमध्ये. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता.

सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमची तोंडं बघून कळलंच असणार. "बाई, सापडली म्हणत होत्या ना?" त्यांनी मला विचारलं.

"सापडली, काकू. फक्त कोणती ते बघून राहिली मी."

"पाहा वं. सून नाही ते, लेक आहे माही."

मी सर्व्हरच्या खोलीत गेले. खोली म्हणजे पूर्वीचं बाथरूम, नळाची भोकं अजून भिंतीत आहेत. तिथं सर्व्हरला थेट जोडलेला एक जुना मॉनिटर आहे. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. कुंदाताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. डेटाबेस सुरू करायची कमांड दिली. भसाभसा दहा-बारा ओळी आल्या, शेवटच्या ओळीत होतं की सुरू होऊ शकत नाही, थांबतो आहे. पुन्हा दिली. पुन्हा तेच. घामाचे थेंब कीबोर्डवर पडत होते.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. बाजारातून भाजी आणली की आपण पिशवी आधी ओट्यावर रिकामी करतो आणि मग सवडीनं निवडून फ्रिजमध्ये लावतो ना, डेटाबेसचंही तसंच. नवी नोंद आली की आधी ओट्यावर, मग फ्रिजमध्ये. लाइट अचानक गेली की ओट्यावरचं तसंच राहतं आणि डेटाबेस पुन्हा उठताना आधी ते आवरून घेतो. पण कधीकधी तो तिथंच अडतो. अशा वेळी एक शेवटचा जालीम उपाय असतो, जबरदस्तीची कमांड. ती काय करते? ओटा धुऊन टाकते. जे असेल ते मोरीत! मग डेटाबेस दोन मिनिटांत उभा राहतो.

मला हे सगळं माहीत होतं. सरांनी घोकून घेतलं होतं. पण अंगात घाई शिरली की शिकलेलं सगळं बिळात जाऊन बसतं. माझ्या डोक्यात एकच – डेटाबेस उठला पाहिजे, आत्ता, लगेच. मी ती जबरदस्तीची कमांड टाइप केली आणि एंटर मारला.

ही कमांड काही विचारत नाही. गुपचूप आपलं काम करते आणि एका ओळीत सांगते, झालं. मी त्या ओळीची वाट बघत होते. ओळ आली.

काहून?

पुढे कर्सर लुकलुकत होता.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला काहीसुद्धा वेगळं वाटलं नाही! हिंगण्याला इतकी वर्षं हेच बघत आले होते. बोटांनी सवयीनं उत्तर दिलं – घाई आहे. एंटर.

काहून?

"हे काय विचारून राहिलं वं तुमचं मशीन?" मागून कुंदाताई म्हणाल्या. "काहून म्हणते!"

तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा सर्व्हर हिंगण्याचा नव्हता. हा सरांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, ते गेल्यावर घेतलेला होता. त्यांचा तो प्रोग्राम मी इथं आणला नव्हता, माझ्याकडे त्याची प्रतच नव्हती. आणि तरी स्क्रीनवर तो प्रश्न होता, आणि घाई हे कारण त्याला चाललं नव्हतं.

का कोण जाणे, मी उठून पळाले नाही. सर समोर असताना जशी पाठ ताठ करून बसायचे तशी बसले आणि खरं उत्तर लिहायला घेतलं. का करते आहे मी हे? "रोशनीचा आजचा निकाल"... एवढं लिहिलं आणि बोटं थांबली.

आजचा.

आजचा निकाल म्हणजे लाइट जायच्या दोन मिनिटं आधी आलेला. म्हणजे तो अजून ओट्यावरच असणार. आणि मी काय करायला निघाले होते? ओटा धुवायला! ज्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा, तीच माझ्या हातानं मोरीत जाणार होती. डेटाबेस उठला असता, छान हिरवा दिवा लागला असता, आणि रोशनीची पिशवी कोणती हे जगात कुणालाही कधीच कळलं नसतं.

मी ती कमांड तिथंच तोडली. स्क्रीनवर साधी रिकामी ओळ परत आली.

"काय झालं वं? थांबल्या काहून?" कुंदाताईंनी खांद्यावर हात ठेवला.

"ताई, मी आत्ता रोशनीला मारलं असतं," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. पण ते रडणं भीतीचं नव्हतं. इतकं भरून आलं होतं ना... की वाटलं, गेला तरी माणूस शिकवायचं थांबला नाही. काय माणूस होता तो! शंभर पुस्तकं लिहिणारे असतील, पण एका शब्दात माणसाला विचार करायला लावणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग मी सरांच्या पद्धतीनं कामाला लागले. "आधी झेरॉक्स, मंग ऑपरेशन" हे त्यांचं दुसरं पालुपद. आहे त्या अवस्थेतल्या सगळ्या डेटाची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. ती होईपर्यंत मघाच्या सगळ्या ओळी वरपासून नीट वाचल्या, नुसती शेवटची नाही. आणि वरून तिसऱ्या ओळीत सरळ लिहिलेलं होतं की डिस्कवर जागा उरलेली नाही! बस, एवढंच. डेटाबेसला ओटा आवरायचा होता, पण फ्रिजमध्ये चमचाभर जागा नव्हती. जुन्या बॅकअपच्या फायलींनी डिस्क काठोकाठ भरली होती. त्या मी हलवल्या, जागा केली आणि सुरू करायची कमांड पुन्हा दिली. साधी. जबरदस्तीची नाही.

ओळींमागून ओळी वर सरकायला लागल्या. डेटाबेस स्वतःच स्वतःचं सगळं जागेवर लावत होता. मी आणि कुंदाताई श्वास धरून बघत होतो. कुंदाताई तोंडातल्या तोंडात गजाननाचं नाव घेत होत्या. मी कुणाचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी मनात एक नाव होतं. आणि मग ती ओळ आली, की पूर्ण झालं, आता कामाला तयार आहे.

कुंदाताई पळतच आपल्या टेबलाकडे गेल्या. आणि त्यांचा तो आवाज सगळ्या इमारतीत घुमला – "चौऱ्याहत्तर नाही वं, सत्तेचाळीसही नाही! चौतीस आहे! चौतीस!"

दोन्ही नंबर चुकीचे आठवत होते त्यांना. त्यांतला एक अंदाजानं दिला असता तर? तो विचार मी आजही करत नाही.

पिशवी डब्यात गेली. सुमनबाईंच्या सोबत आमचा माणूस गाडीवर गेला. दिवे लागायच्या वेळेला फोन आला, मुलगी झाली. वजन कमी आहे, पण रडली जोरात. रोशनी ठीक आहे. आमच्या कुंदाताईंनी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून सगळ्यांना तर्री-पोहे मागवले. मीही खाल्ले.

आता तुम्ही विचारणार, फोटो काढला का स्क्रीनचा? अरे बाप्पा, समोर एक जीव अडकलेला असताना फोटो सुचतो का! नाही काढला.

पण शोधायचं म्हणून मी काही शिल्लक ठेवलं नाही. माझ्यातली बाबांची लेक गप्प बसणार होती थोडीच? दुसऱ्याच दिवसापासून तो सर्व्हर पिंजून काढला. "काहून" हा शब्द पूर्ण डिस्कवर शोधला, इंग्रजी अक्षरांत, मराठी अक्षरांत, उलटा, सुलटा. कुठंच नाही. सरांच्या प्रोग्रामसारखं काही नाही. मी दिलेल्या कमांडींची यादी सर्व्हर ठेवतो, तिच्यात ती जबरदस्तीची कमांड आहे, पण ती चालल्याची खूण कुठंही नाही. जणू कुणीतरी दारातच अडवली. मग बाबांना सांगितलं. ते खापरखेड्याहून टेस्टर खिशात घालून आले, बॅटरी तपासली, वायरी तपासल्या, मला दहा प्रश्न विचारले.

"थकली असशीन. मेंदू सवयीचं दाखवते कधी कधी."

"अन् कुंदाताईंचा मेंदू? त्या तर हिंगण्याले कधी गेल्या नाही बाबा."

बाबांनी वायरीचा जोड पुन्हा ओढून बघितला. "पुन्हा एकदा तपासून घे," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता टेस्टर खिशात टाकला.

आणि सगळ्यात शेवटी लक्षात आलेली गोष्ट ऐका. मी सहज कुंदाताईंना विचारलं, तुम्ही नेमकं काय वाचलं? म्हणाल्या, "काहून. मराठीतच तर होतं. इंग्रजीत असतं तर मी कहून, कुहून काही वाचलं असतं." आणि मला आठवलं... हो. मराठीतच होतं. 'क'ला काना, 'ह'ला दुसरा उकार, मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. पण हिंगण्याला ते नेहमी इंग्रजी अक्षरांत यायचं, उत्तरंही आम्ही तशीच लिहायचो, कारण तसल्या काळ्या स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटतच नाहीत. सरांना त्याचा भारी राग होता, "माही भाषा या डब्ब्याले येत नाही" म्हणून चिडायचे. मी आमच्या त्या मॉनिटरवर मराठी शब्द दाखवून बघितला. नुसते चौकोन आले. पुन्हा पुन्हा बघितला, दरवेळी चौकोन. त्या स्क्रीनवर "काहून" दिसूच शकत नाही.

स्पष्टीकरण नाही. माझ्याकडे नाही, बाबांकडे नाही, आणि ज्या दोन जाणकारांना विचारलं त्यांच्याकडेही नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा. फक्त "भास" लिहू नका, तो दोघींना एकाच वेळी एकाच शुद्धलेखनात होत नाही.

शेवटचं एक सांगून थांबते. महिन्याभरानं मी मानेवाड्याला देवतळे काकूंकडे गेले. सरांच्या पत्नी. सांगू की नको असं चाललं होतं, पण न सांगणं मला चोरीसारखं वाटत होतं. सगळं सांगितलं. काकू आधी खळखळून हसल्या.

"मेल्यावरही लोकाईच्या कामात नाक खुपसूनच राहिले का हे!"

मग हसता हसता एकदम थांबल्या. पदर तोंडाला लावला.

"तुह्या मशीनवर आले वं मित्रा. माह्या सपनातही नाही आले एकदा. दोन वर्षं झाले. मी रोज निजताना म्हणते, आज येतीन."

मी काय सांगणार होते, मी तर या गोष्टी मानतही नाही. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या पोरीचं लेकरू दाखवशीन का मले?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी खाप्याला गेलो. मी तिथं कुणाला काही सांगितलं नाही, रक्तकेंद्रातल्या आमच्या काकू आहेत एवढंच म्हटलं. सुमनबाईंनी सतरंजी अंथरली, चहा ठेवला. रोशनीनं बाळ आणून काकूंच्या मांडीवर ठेवलं. नाजूक, काळेभोर केस, मुठी आवळलेल्या. काकूंच्या बोटाला त्या मुठीनं जे धरलं ते सोडेना. काकू बघत राहिल्या, खूप वेळ, इतका की चहा गार झाला.

मग माझ्याकडे मान वळवून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या –

"मंग ठीक आहे वं. काम होतं त्याईले."